मिरर न्यूरॉनचा पाठ्यघटक लिहिण्याआधी: अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय: माणसातील मिरर न्यूरॉन आणि मेंदूच्या प्रतिमांचा पुरावा

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू आहे. जुने पेपर मोडून श्रेयांकांचे नवे घटक लिहिले जात आहेत. मेंदू आणि अध्ययन, मेंदू आणि सामाजिक वर्तन असा घटक आला की त्यात मिरर न्यूरॉन (एखादी क्रिया करताना आणि तीच पाहताना, दोन्ही वेळा सक्रिय होणाऱ्या चेतापेशी) येतात, आणि ते आले की एक ठरीव विधान येते: माणसाच्या मेंदूत मिरर न्यूरॉन असतात, एफएमआरआयने (मेंदूचे सक्रिय भाग दाखवणाऱ्या स्कॅनने) ते सिद्ध केले आहे, त्यांच्यामुळे आपण अनुकरण करतो, त्यांच्यामुळेच दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळते आणि स्वमग्न मुलांमध्ये ते बिघडलेले असतात. एका दमात पाच दावे. पहिला बहुधा बरोबर आहे. दुसरा चूक आहे. तिसरा आणि चौथा अजून वादात आहेत. पाचवा तपासला गेला आणि टिकला नाही. परीक्षेत मात्र पाचही दाव्यांना सारखेच गुण मिळतात.

हे पत्र मेंदूच्या प्रतिमांकनाचे काम जवळून जाणणाऱ्यांचे आहे. घटक वगळा असे आम्ही म्हणत नाही. उलट पदवीच्या विद्यार्थ्याला पुरावा कसा तोलायचा हे शिकवायला याहून चांगला विषय सापडणे कठीण. फक्त तो पुराव्यासकट शिकवला जावा.

सुरुवात माकडापासून करावी, कारण तिथला पाया पक्का आहे. इटलीतल्या पार्मा येथे दी पेलेग्रिनो, फादिगा, फोगासी, गालेसे आणि रिझोलाती यांनी १९९२ मध्ये मकाक माकडाच्या मेंदूतल्या एफ५ या भागातील पेशींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. हालचालींची आखणी करणाऱ्या प्रीमोटर पट्ट्याचा हा खालचा भाग. पुढे १९९६ च्या सविस्तर लेखात दोन माकडांमधल्या ५३२ पेशी तपासलेल्या आहेत. त्यांपैकी ९२ पेशी माकडाने स्वतः वस्तू उचलली तेव्हाही आणि प्रयोगकर्त्याला उचलताना पाहिले तेव्हाही सक्रिय झाल्या. हे प्रमाण साधारण १७ टक्के भरते. त्या ९२ पैकीही केलेली आणि पाहिलेली क्रिया काटेकोर जुळणाऱ्या पेशी जेमतेम एक तृतीयांश होत्या, बहुतेकांची जुळणी ढोबळ होती. नुसती वस्तू समोर ठेवली तर त्या गप्प राहत. वस्तू नसताना हाताने उचलल्याचा आव आणला तरी सहसा प्रतिसाद मिळत नसे. आणि ज्या प्राण्यात त्या सापडल्या, तो मकाक अनुकरणात मुळीच पटाईत नाही. ‘माकडासारखी नक्कल’ या आपल्या समजुतीला प्रयोगशाळेत फारसा आधार मिळत नाही. ‘मिरर न्यूरॉनमुळे अनुकरण’ हे वाक्य लिहिण्याआधी एवढे जरी आठवले तरी लेखणी थबकेल.

या प्रयोगात बारीक इलेक्ट्रोड पेशीच्या अगदी शेजारी नेलेला असतो आणि त्या एकाच पेशीचे एकेक स्पंदन मोजलेले असते. ‘तीच पेशी दोन्ही वेळा सक्रिय झाली’ असे म्हणण्याचा अधिकार या पद्धतीला आहे. निरोगी माणसाच्या मेंदूत असा इलेक्ट्रोड घालता येत नाही. म्हणून स्कॅनर आला, आणि गोंधळाचे मूळ इथेच आहे.

आकडे मांडले की गोंधळ सुटतो. नेहमीच्या ३ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचे एकक) स्कॅनरमध्ये मेंदूचे चित्र सहसा ३ मिलिमीटर बाजूच्या घनांत मोजले जाते. या घनाला व्हॉक्सेल म्हणतात. त्याचे आकारमान २७ घन मिलिमीटर. निकोस लोगोथेटिस यांनी २००८ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार ५५ घन मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये सुमारे ५५ लाख चेतापेशी असतात. त्याच दराने आपल्या २७ घन मिलिमीटरमध्ये २७ लाख झाल्या. शिवाय स्कॅनर पेशींचे स्पंदन मोजतच नाही, तो रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलाचा माग घेतो. हा बदल घटनेनंतर ५ ते ६ सेकंदांनी शिखरावर पोचतो आणि पूर्ववत व्हायला १५ ते २० सेकंद घेतो. पेशीचे एक स्पंदन सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपते. सोसायटीच्या सामायिक मीटरसारखे हे आहे: तो सकाळी आणि रात्री सारखाच पळाला, म्हणून दोन्ही वेळा त्याच फ्लॅटमधली उपकरणे चालू होती असे ठरत नाही.

समजा, एका व्हॉक्सेलमध्ये तीन लाख पेशी फक्त क्रिया करताना सक्रिय होतात, दुसऱ्या तीन लाख फक्त क्रिया पाहताना, आणि दोन्हींत सामाईक एकही नाही. स्कॅनच्या चित्रात हा व्हॉक्सेल दोन्ही वेळा सक्रिय म्हणून रंगेल. त्यात एकही मिरर न्यूरॉन नसेल. विद्यार्थ्यांना फळ्यावर हे उदाहरण एकदा करून दाखवले की निम्मे काम झाले.

माणसातल्या प्रतिमांकनाचा बहुतेक पुरावा या प्रकारचा आहे. १९९६ च्या पेट (रक्तप्रवाहावरून सक्रिय भाग दाखवणाऱ्या) स्कॅनच्या अभ्यासात उचलण्याची क्रिया पाहताना डाव्या फ्रंटल (कपाळामागच्या) भागातले ४५ क्रमांकाचे क्षेत्र (मेंदूच्या नकाशात क्षेत्रांना असे क्रमांक दिलेले असतात) सक्रिय दिसले, पण तीच जागा क्रिया करताना मिळाली नाही. म्हणजे पहिल्याच फेरीत जुळणी नीट जमलेली नव्हती. १९९९ मध्ये याकोबोनी आणि सहकाऱ्यांनी बोट उचलण्याचा प्रयोग केला. पडद्यावरचा हात बोट उचलतो, ते पाहून तेच बोट उचलायचे. किंवा स्थिर हाताच्या एका बोटावर फुली दिसते, ती पाहून उचलायचे. किंवा हातच नाही, चौकटीच्या एका बाजूला फुली दिसते. हालचाल तिन्ही वेळा तीच असते. अनुकरणाच्या वेळी डाव्या फ्रंटल भागातला प्रतिसाद इतर दोन्हींपेक्षा मोठा आला. आखणी सुबक आहे, म्हणून वर्गात तीच शिकवावी. २००१ मध्ये बुच्चिनो यांच्या गटाने तोंड, हात आणि पाय यांच्या क्रिया दाखवल्या, तेव्हा प्रीमोटर पट्ट्यात वेगवेगळे तुकडे रंगले. त्यानंतर अभ्यासांचा पूरच आला. मोलेनबर्ग्स, कनिंग्टन आणि मॅटिंग्ली यांनी २०१२ मध्ये १२५ एफएमआरआय अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात फ्रंटल भागाचा खालचा पट्टा, प्रीमोटर पट्टा आणि पॅरायटल (डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा) भाग सातत्याने आले, पण मूळ लेखांनी ‘मिरर’ म्हणून दाखवलेल्या जागा याहून कितीतरी जास्त पसरलेल्या होत्या. लेबल स्वस्त झाले की असे होते.

असा एखादा लेख विद्यार्थ्याच्या हाती दिला, तर त्याने पद्धतीच्या विभागात काय शोधावे? आधी हे, की त्याच माणसांनी क्रिया पाहिली आणि केलीही का. कित्येक अभ्यासांत फक्त पाहणे असते. करण्याचा भाग ‘आधीच्या संशोधनावरून’ गृहीत धरलेला असतो. अशा लेखाला पाहण्याच्या प्रतिसादाचा अभ्यास म्हणावे, मिरर म्हणण्याचे कारण नाही.

क्रिया करतानाची अडचण स्कॅनरच्या आतली आहे. माणूस उताणा पडलेला, डोके काही सेंटिमीटरच्या पोकळीत. क्रिया करताना त्याला स्वतःचा हात दिसला, तर त्या स्थितीतही ‘पाहणे’ मिसळले, आणि दोन्हींतली समानता आपोआप तयार झाली. म्हणून हात नजरेआड हवा. दुसरे, खांद्यापासून हात हलवला की डोके हलते, आणि डोके न हलताही चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटते. म्हणून कोपर पट्ट्याने बांधतात, डोक्याभोवती फोमच्या गाद्या ठासतात आणि हालचाल बोटे व मनगटापुरती ठेवतात. डोके एका व्हॉक्सेलइतके म्हणजे ३ मिलिमीटर सरकले की ती फेरी टाकून देण्याची पद्धत आहे. खरे तर त्याहून बरीच कमी हालचालसुद्धा, ती नेमकी क्रियेच्या वेळीच होत असेल तर, खोटा प्रतिसाद उभा करते.

पाहतानाची अडचण उलटी. हात शांत आहे असे आपण धरून चालतो. बोटे नकळत हलत असतील तर ‘पाहताना मोटर (हालचालीचा) भाग सक्रिय’ हा निष्कर्ष फुकट गेला. त्यासाठी स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून त्यांची विद्युत नोंद ठेवावी लागते. स्कॅनरच्या आत ही नोंद गोंगाटाने भरते आणि नंतर गाळावी लागते, म्हणून बरेच जण ती स्कॅनरबाहेर घेतात किंवा टाळतातच. टाळली असेल तर विद्यार्थ्याने समासात प्रश्नचिन्ह काढावे.

मग तुलना कशाशी केली ते पाहावे. हलत्या हाताच्या चित्रफितीची तुलना पडद्यावरच्या स्थिर फुलीशी केली, तर उरलेल्या फरकात हालचाल, हाताचे रूप, वस्तू आणि कुतूहल असे सगळेच येते. निदान तोच हात स्थिर, आणि तीच वस्तू हाताविना सरकताना, एवढ्या दोन तुलना हव्यात. डाव्या फ्रंटल भागाबाबत आणखी एक खोच आहे. तिथले ४४ क्रमांकाचे क्षेत्र भाषेच्या ब्रोका भागात मोडते. पाहणारा मनातल्या मनात ‘कप उचलला’ म्हणाला तरी ते सक्रिय होते. या क्षेत्रावरचा ठिपका पाहून थेट ‘मिरर यंत्रणा’ म्हणणे हा उलटा तर्क आहे. रसेल पोलड्रॅक यांनी २००६ मध्ये त्यातली गफलत मुद्देसूद दाखवली: एखादे क्षेत्र अनेक कामांत सक्रिय होत असेल, तर त्याच्या सक्रियतेवरून नेमके कोणते काम चालले होते हे सांगता येत नाही.

शेवटी चित्र पुसट किती केले ते. मोजमापातला गोंगाट कमी करण्यासाठी प्रत्येक बिंदूचे मोजमाप शेजाऱ्यांत मिसळतात. त्याची रुंदी ८ मिलिमीटरपर्यंत सर्रास असते. एवढ्या पसाऱ्यात प्रीमोटर पट्ट्याचा खालचा भाग आणि त्याला चिकटलेले ४४ क्षेत्र एकमेकांत वाहून जातात. त्यावर वीसेक माणसांची सरासरी घेतली की एकाचा ‘पाहण्याचा’ ठिपका दुसऱ्याच्या ‘करण्याच्या’ ठिपक्यावर बसतो आणि कोणाच्याही मेंदूत नसलेली समानता चित्रात उमटते. या आक्षेपाला गाझोला आणि काइसर्स यांनी २००९ मध्ये सरळ उत्तर दिले. चित्र पुसट न करता, प्रत्येक व्यक्तीचे वेगळे विश्लेषण केले. तपासलेल्या प्रत्येकात पाहणे आणि करणे यांचे सामाईक व्हॉक्सेल सापडले. म्हणजे समानता खरी आहे, ती गणिताची करामत नव्हे. पण ते व्हॉक्सेल प्रीमोटर आणि पॅरायटल भागांबरोबर स्पर्शाच्या पट्ट्यात आणि लहान मेंदूतही होते, आणि व्हॉक्सेलमधल्या पेशींचा प्रश्न होता तिथेच राहिला.

तो प्रश्न सोडवण्यासाठी संशोधकांनी दोन युक्त्या वापरल्या. पाठ्यघटकात सर्वांत जास्त जागा आम्ही यांना देऊ, कारण वाद खरा इथे झाला.

पहिली युक्ती अनुकूलनाची. एकच गोष्ट लागोपाठ दोनदा आली की तिला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा दुसरा प्रतिसाद मंदावतो, असे धरले जाते. आता क्रिया आधी पाहायला लावा आणि मग तीच करायला लावा. दोन्हीला त्याच पेशी जबाबदार असतील, तर दुसऱ्या वेळी संकेत घटायला हवा. दोन वेगळे संच असतील तर घटणार नाही. प्रयोगात चार जोड्या लागतात: पाहणे-पाहणे, करणे-करणे, पाहणे-करणे, करणे-पाहणे. प्रत्येक जोडीत क्रिया तीच किंवा वेगळी. पहिल्या दोन जोड्या उपकरण नीट चालते आहे हे दाखवतात, खरा निकाल शेवटच्या दोन देतात.

डिन्स्टीन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दगड-कागद-कात्रीचा खेळ घेतला. पाहण्याचे अनुकूलन सापडले, करण्याचेही सापडले, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे सापडले नाही. चाँग यांच्या गटाला २००८ मध्ये क्रिया करून मग पाहताना उजव्या पॅरायटल भागाच्या खालच्या पट्ट्यात घट दिसली. २००९ मध्ये लिंगनाऊ, गेझिरिख आणि कारामात्झा यांना घट एकाच दिशेने मिळाली: पाहून मग केले तर हो, करून मग पाहिले तर नाही. खऱ्या मिरर पेशीला दिशेचा फरक पडायला नको, म्हणून त्यांनी निष्कर्ष विरोधी काढला. त्याच वर्षी किल्नर यांच्या गटाला फ्रंटल भागाच्या खालच्या पट्ट्यात दोन्ही दिशांनी घट मिळाली. चार गट, चार निकाल. परीक्षेसाठी ‘एफएमआरआयने सिद्ध’ असे पाठ करणाऱ्याला हे चार निकाल समोरासमोर ठेवून दाखवा.

आणि गंमत पुढेच आहे. २०१३ मध्ये काज्जानो आणि सहकाऱ्यांनी थेट माकडाच्या एफ५ मधल्या मिरर पेशींवर हीच परीक्षा घेतली. तीच क्रिया पुन्हा पुन्हा दाखवली, तरी पेशींची स्पंदने मंदावली नाहीत. दुसऱ्या गटाला पुढच्या वर्षी बदल दिसला, पण बेताचा. म्हणजे ज्या गृहीतकावर युक्ती उभी होती, तेच डळमळीत. अनुकूलन मिळाले नाही म्हणून मिरर पेशी नाहीत असे म्हणता येत नाही, आणि मिळाले म्हणून आहेत असेही खात्रीने म्हणता येत नाही.

दुसरी युक्ती नमुन्यांची. एका क्षेत्रातल्या शेकडो व्हॉक्सेलच्या चढउतारांचा नमुना संगणकाला शिकवायचा: हा क्रिया ‘अ’ पाहतानाचा, हा क्रिया ‘ब’ पाहतानाचा. मग त्याला क्रिया करतानाचे नमुने देऊन अ की ब ओळखायला सांगायचे. दोन क्रिया असतील तर नुसत्या अंदाजाने ५० टक्के जमेल, तीन असतील तर ३३ टक्के. त्याच्या वर निकाल गेला तर पाहणे आणि करणे यांच्यात त्या क्षेत्रापुरती सामाईक भाषा आहे म्हणायचे. संगणकाला ज्या फेऱ्यांवर शिकवले त्याच फेऱ्यांवर तपासले तर आकडा फुगतो, म्हणून शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या फेऱ्या वेगळ्या असल्याची खात्री करावी. डिन्स्टीन यांना २००८ मध्ये पॅरायटल भागात पाहिलेल्या क्रिया वेगळ्या ओळखता आल्या, केलेल्याही आल्या, पण पाहण्यावर शिकून करणे ओळखता आले नाही. ओस्टरहॉफ यांच्या गटाला २०१० मध्ये ते डाव्या पॅरायटल भागाच्या पुढच्या टोकाशी जमले. त्याच अभ्यासात ते मागच्या बाजूला, दृष्टीच्या भागाजवळही जमले. तो भाग हालचालीची आखणी करणारा नाही. त्यामुळे ही सामाईक भाषा हालचालीची आहे की ‘उचलणे’ या कल्पनेची, हा प्रश्न उरतोच.

पहिला दावा आम्ही बहुधा बरोबर म्हटला, तो कशाच्या आधारावर? प्रतिमांच्या नव्हे. २०१० मध्ये मुकामेल, एकस्ट्रॉम, काप्लान, याकोबोनी आणि फ्रीड यांनी माणसातल्या एकेका पेशीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराच्या २१ रुग्णांमध्ये फिटचे उगमस्थान शोधण्यासाठी इलेक्ट्रोड बसवलेले होते. त्यांच्या संमतीने ११७७ पेशींची नोंद घेतली गेली. रुग्ण हाताची पकड करत किंवा पाहत, हसू वा कपाळाची आठी करत किंवा पाहत, आणि शब्दांच्या सूचना वेगळ्या दाखवून तुलना केली जाई. काही पेशी दोन्ही वेळा सक्रिय झाल्या. काही करताना वाढल्या आणि पाहताना दबल्या, जणू पाहणाऱ्याने स्वतः हालचाल करू नये म्हणून ब्रेक लावत असाव्यात. पाठ्यघटकात एक तळटीप मात्र हवीच. इलेक्ट्रोड कुठे बसवायचे हे उपचारांच्या गरजेने ठरले होते. म्हणून नोंदी मिळाल्या त्या मेंदूच्या आतल्या बाजूच्या सप्लिमेंटरी मोटर भागातून आणि हिप्पोकॅम्पस व त्याच्या आसपासून. माकडाच्या एफ५ शी जुळणारी माणसातली जागा या अभ्यासात तपासलीच गेली नाही. हिप्पोकॅम्पसमधली पेशी आठवणीमुळे किंवा ओळखीमुळेही प्रतिसाद देऊ शकते. माणसात अशा पेशी आहेत असे म्हणायला हा अभ्यास पुरेसा आहे. त्या काय काम करतात हे तो सांगत नाही.

इथे ट्रान्सक्रॅनियल चुंबकीय उद्दीपनाचा उल्लेख हवा, कारण भारतातले काम त्यात झाले आहे. डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन हाताच्या स्नायूत उमटणारा प्रतिसाद मोजतात. क्रिया पाहताना तो वाढतो, हे फादिगा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी ही पद्धत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर वापरली आणि २०१४ मध्ये रुग्णांत ही वाढ कमी असल्याचे नोंदवले. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण शिकवताना हे स्पष्ट असावे की मोजली जाते ती मोटर भागाची उत्तेजनक्षमता, पेशी नव्हे. लेखांच्या शीर्षकात ‘मिरर न्यूरॉनची क्रियाशीलता’ असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. विद्यार्थ्याने पद्धत वाचून ते शीर्षक मनात दुरुस्त करून घ्यावे.

आता सहवेदना. २००४ मध्ये टानिया सिंगर यांच्या गटाने जोडप्यांवर केलेल्या प्रयोगात स्वतःला झालेली वेदना आणि जोडीदाराला होणारी वेदना यांत इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट पट्टा सामाईक निघाला. जागेचे नेमके स्पर्शज्ञान देणारा भाग मात्र नाही. हा अभ्यास मिरर न्यूरॉनच्या प्रकरणात कोंबला जातो, तो केवळ समानता दिसली म्हणून. २०१६ मध्ये कृष्णन आणि सहकाऱ्यांनी नमुन्यांचे विश्लेषण केले, तेव्हा स्वतःची वेदना आणि पाहिलेली वेदना यांचे नमुने एकमेकांपासून वेगळे ओळखता आले. ठिपका एक, आतली मांडणी दोन. वरच्या फळ्यावरच्या उदाहरणाचे हे प्रत्यक्ष रूप समजावे.

दुसऱ्याची क्रिया समजायला स्वतःची मोटर यंत्रणा लागतेच का? व्हानुस्कोर्प्स आणि कारामात्झा यांनी २०१६ मध्ये जन्मतः हात नसलेल्या व्यक्तींची परीक्षा घेतली. कधीही न केलेल्या हाताच्या क्रिया त्यांनी इतरांइतक्याच चांगल्या ओळखल्या. दुसरीकडे, अनुभवाने प्रतिसाद बदलतो हेही पक्के आहे. २००५ च्या काल्व्हो-मेरिनो यांच्या अभ्यासात बॅले नर्तक आणि कॅपोएरा (ब्राझीलमधली युद्धकला) खेळाडू यांचा प्रीमोटर आणि पॅरायटल प्रतिसाद आपापली शैली पाहताना जास्त होता. २००७ मध्ये कॅटमूर, वॉल्श आणि हेज यांनी तर पहिले बोट (तर्जनी) हललेले पाहून करंगळी हलवण्याचा सराव देऊन पाहण्याचा प्रतिसाद उलटवून दाखवला. मिरर गुणधर्म जन्मजात ठरलेले असतील असे यावरून वाटत नाही; निदान काही भाग शिकण्यातून घडतो.

स्वमग्नतेबाबत आम्ही आग्रही आहोत, कारण इथे चुकीच्या ओळीची किंमत पालक मोजतात. ‘तुटलेल्या आरशां’चा सिद्धांत दोन छोट्या अभ्यासांवर गाजला: २००५ चा मेंदूच्या विद्युत लहरींचा आणि २००६ चा दाप्रेत्तो यांचा एफएमआरआय. दुसऱ्यात स्वमग्न मुले १० होती, तुलनेची मुलेही १०. २०१० मध्ये डिन्स्टीन यांच्या गटाने स्वमग्न प्रौढांमध्ये पाहणे आणि करणे या दोन्हींचे प्रतिसाद तपासले, ते इतरांसारखेच निघाले. अँटोनिया हॅमिल्टन यांनी २०१३ मध्ये २५ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा संपूर्ण मिरर यंत्रणा बिघडल्याच्या कल्पनेला आधार मिळाला नाही. लहरींच्या मोजमापातली खोट हॉबसन आणि बिशप यांनी २०१६ मध्ये उघड केली: ज्या ८ ते १३ हर्ट्झच्या म्यू लहरी मोजायच्या, त्याच पट्ट्यात लक्ष देण्या-न देण्याने बदलणाऱ्या अल्फा लहरीही असतात, आणि तुलनेचा पाया बदलला की निकाल बदलतो. आपल्या बी.एड.च्या विशेष शिक्षणाच्या नोट्समधून ही ओळ काढावी, आणि तिच्या जोरावर शिबिरे विकणाऱ्यांना विद्यापीठाचे सभागृह देऊ नये. ओघात आणखी एक: आरसापेटी वापरून केली जाणारी मिरर थेरपी चेतावैज्ञानिक रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तुटलेल्या अवयवाच्या भासमान वेदनांसाठी पुढे आणली. तिचा उपयोग मिरर न्यूरॉन असण्यावर अवलंबून नाही. दोन्ही एकाच मथळ्याखाली शिकवू नयेत.

प्रात्यक्षिकाचे काय? महाविद्यालयात स्कॅनर नसतो, आणि नसला तरी बिघडत नाही. ब्रास आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वापरलेली बोट उचलण्याची चाचणी साध्या लॅपटॉपवर आणि सायकोपाय या मोफत प्रणालीवर होते. विद्यार्थी पहिले आणि मधले बोट दोन कळांवर दाबून धरतो. पडद्यावर हाताचे चित्र आणि १ किंवा २ हा अंक येतो. १ आला की पहिले बोट उचलायचे, २ आला की मधले. त्याच क्षणी चित्रातला हात तेच बोट उचलतो किंवा दुसरे. दुसरे उचलल्यास उत्तराला सहसा काही दशक मिलिसेकंद जास्त लागतात. प्रत्येकाकडून सरावाच्या १६ आणि खऱ्या १६० फेऱ्या घ्याव्यात, ८० जुळणाऱ्या आणि ८० न जुळणाऱ्या, क्रम यादृच्छिक. चुकीची उत्तरे आणि १५० मिलिसेकंदांहून कमी वेळाची उत्तरे गाळून प्रत्येकाची मध्यिका काढावी आणि वर्गाच्या मध्यिकांवर जोडीतली टी-चाचणी करावी. फसते ते दोन ठिकाणी. ब्लूटूथ कीबोर्ड वेळ डळमळीत करतो, तारेचाच वापरावा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलते हेही ध्यानात ठेवावे. दुसरे, बोट डाव्या-उजव्या बाजूला असल्याने अनुकरणाऐवजी नुसती दिशाच जुळते. त्यासाठी चित्रातला हात ९० अंशांनी फिरवून चाचणी पुन्हा घ्यावी. परिणाम घटेल, सहसा नाहीसा होणार नाही. जेवढा घटला तेवढा दिशेचा होता. या चाचणीच्या अहवालात ‘मिरर न्यूरॉन मोजले’ असे लिहिणाऱ्याचे गुण कापावेत.

घटकाच्या मजकुरासाठी आमचा मसुदा असा: ‘मकाक माकडाच्या प्रीमोटर व पॅरायटल भागांत क्रिया करताना आणि पाहताना अशा दोन्ही वेळा सक्रिय होणाऱ्या पेशी थेट नोंदींतून सापडल्या आहेत. माणसात अशा पेशींच्या थेट नोंदी मोजक्या आहेत. एफएमआरआय आणि पेट यांतून माणसात पाहणे व करणे यांचे सामाईक क्षेत्र दिसते. त्यातील पेशी सामाईक आहेत की नाहीत, यावर अनुकूलन व नमुना-विश्लेषणाचे पुरावे परस्परविरोधी आहेत.’ एवढे चार वाक्यांत बसते.

आणि प्रश्नपत्रिकेत ‘मिरर न्यूरॉनचे महत्त्व सांगा’ ऐवजी पाच गुणांचा हा प्रश्न द्यावा: ‘एका अभ्यासात २० व्यक्तींनी पकडीच्या चित्रफिती पाहिल्या. स्थिर फुलीच्या तुलनेत डाव्या ४४ क्षेत्रात सक्रियता आढळली. संशोधकांनी मिरर न्यूरॉन सापडल्याचे म्हटले. या निष्कर्षातील त्रुटी सांगा.’ करण्याची स्थिती नाही, तुलना अपुरी, क्षेत्र भाषेचेही, स्नायूंची नोंद नाही, व्हॉक्सेल म्हणजे पेशी नव्हे: प्रत्येकी एक गुण.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मेंदूच्या प्रतिमांकनाच्या कामातले काही जण